शंभर टक्के वाचणारी शाळा

बोट अडलं नाही. झालं ते एवढंच. नगरला सावेडीतल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळी साडेआठला, आधीचा रिपोर्ट घ्यायला आणि पुन्हा रक्त द्यायला, मी उपाशीपोटी बाकावर बसलो होतो. हिरवा कोट घातलेली एक मुलगी रिपोर्टांची पाकिटं घेऊन एकेकापुढं येत होती. समोरच्याला नाव विचारायची, मग वरच्या पाकिटावरच्या नावाखालून डावीकडून उजवीकडं बोट न्यायची, मान हलवायची आणि पाकीट हातात द्यायची. नाव दोन अक्षरी असो की कुणाचं बापआजासकट लांबलचक असो, बोट एकाच चालीनं जायचं. वाचणाऱ्याचं बोट असं जात नसतं. ते जोडाक्षरापाशी घुटमळतं, ओळखीच्या आडनावावरून उडी मारतं, कधी मागं येतं. असं गुळगुळीत बोट मी आयुष्यात एकाच जागी पाहिलं होतं, आणि तिथं ते शिकवणारा माणूस मीच होतो. मी नजर दुसरीकडं वळवली. उपाशीपोटी माणसाला काहीही दिसतं, असं मी स्वतःला लगेच सांगितलं. स्वतःला लगेच काहीतरी सांगायची मला चाळीस वर्षांची सवय आहे.

तिनं माझ्या हातात दिलेलं पाकीट कुणा शकुंतलाबाईंचं होतं. मी काही बोलायच्या आत पलीकडची बाई ओरडली, "अगं, हा कुणाचा रिपोर्ट दिला मला? नृसिंह जोशी? मी काय नृसिंह दिसते का?" बाकावरची माणसं हसली. काउंटरमागून मॅडमचा आवाज आला, "परत? डोळे आहेत का बटणं लावलीत तुला? पहिल्या तारखेपासून नळ्यांवर चिठ्ठ्या तू लावायच्यास, मग काय लोकांचं रक्त अदलाबदल करणार आहेस?" मुलीनं मान खाली घातली, दोन्ही पाकिटं बदलली आणि तशीच माझ्याकडं बघत राहिली. मग चेहऱ्यावरची सगळी शरम पुसून गेली आणि ती चक्क हसली. "गुर्जी? जोशी गुर्जी ना तुमी? कुसळवाडीचं? आवो मी ज्ञानेश्वरी. कारभारीची." तिनं तिथल्या तिथं, त्या सगळ्या लोकांपुढं, फिनेल मारलेल्या फरशीवर वाकून माझ्या पायाला हात लावला. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मास्तर दिसतात. मी पाय मागं घेतले नाहीत. घ्यायला हवे होते.

जामखेड तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, कुसळवाडी. तिथं मी अकरा वर्षं काढली. दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं. कोयता घेऊन नवरा-बायको, पाठीवर पोर, ट्रकमध्ये भांडी, आणि सगळे कारखान्यांच्या फडावर ऊस तोडायला. परत येणार ते उन्हाळ्यात. पोरांनी शाळा सोडून जाऊ नये म्हणून सरकारनं गावातच हंगामी वसतिगृह काढलं होतं: पोरं आजी-आजोबांपाशी राहायची, दोन वेळचं जेवण शाळेत. जे जातीलच त्यांच्या हातात एक कार्ड द्यायचं, हमी कार्ड, त्यावर पोराचं नाव आणि त्याला काय येतं ते लिहायचं, म्हणजे फडावरच्या शाळेत तिथून पुढं शिकवतील. कागदावर सगळं देखणं होतं. कागदावर मीही देखणा होतो. दहा वर्षांपूर्वी फर्मान निघालं होतं की शाळा शंभर टक्के प्रगत पाहिजे, म्हणजे प्रत्येक पोराला वाचता आलं पाहिजे, आणि पाच पायऱ्या ठरवल्या होत्या: काहीच नाही, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. गोष्ट वाचली की पोर पार झालं. माझ्या शाळेत सत्तावीस पोरं. त्यातली गोष्ट खरोखर वाचणारी आठ. बाकीच्यांचं मी काय केलं ते आता सांगतो, कारण सांगितल्याशिवाय आता मला गत्यंतर नाही. मी पुस्तकातले सात धडे त्यांच्याकडून पाठ करून घेतले. रोज. तालावर. आणि पाठ म्हणताना ओळीखालून बोट सरकवायला शिकवलं. पट्टी घेऊन उभा राहायचो, बोट तोंडाच्या मागं पडलं की पट्टी, पुढं गेलं की पट्टी. पंधरा दिवसांत असं साधलं होतं की कुणी साहेब आला आणि पोराच्या शेजारी बसला तर त्याच्या बापाला कळलं नसतं. साहेबांना कळत नव्हतं असंही नाही. त्यांनाही वर कागद पाठवायचे होते.

लॅबच्या बाहेर, पार्किंगमध्ये, ती माझ्यामागं धावत आली. एकोणीस वर्षांची असेल. गळ्यात काळे मणी. नवरा गोरक्ष नागापूर एमआयडीसीत टेम्पो चालवतो, भाड्याच्या खोलीत राहतात, लॅबमध्ये साफसफाईला लागली होती, मग पाकिटं वाटायला दिली. काउंटरवरची मुलगी पाकिटं नंबरानं लावून देते, माणसं नंबरानं बसतात, त्यामुळं निभतं. आज एकजण मधेच चहाला उठून गेला आणि ओळ चुकली. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग कोटाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात आधार कार्ड, आणि त्याच्यामागं चार घड्या घालून पिवळं पडलेलं जाड कागदाचं कार्ड. "गुर्जी, ह्ये तुमी दिल्यालं. हिथं लिवलंय ना, मला गोष्ट वाचता येती म्हनून? नवऱ्यानं वाचून दावलं. मंग मला का येत न्हाई?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, जसं लहान असताना विचारायची, की हे असं आहे तर ते तसं का. आपल्यालाच काहीतरी झालं असावं, कुठंतरी डोक्याला मार लागून गेलं असावं, अशा समजुतीनं ती विचारत होती. कार्डावर माझी सही होती. माझी सही वळणदार आहे. आमच्या घरात चार पिढ्या शाईवर जगल्या. पणजोबा आणि आजोबा कुळकर्णीपणाची दप्तरं लिहायचे, वडील कचेरीत, मी शाळेत. कागदावर जे लिहिलं ते खरं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या जिवावर आम्ही चार पिढ्या जेवलो. मी म्हणालो, "ये घरी. रोज चारला. शिकवतो." आणि रस्ता ओलांडून निघालो. मागून ती म्हणाली, "लई उपकार हुतील, गुर्जी." एक रिक्षावाला शिव्या देत माझ्या अंगाजवळून गेला. त्या शिव्या मला बऱ्या वाटल्या.

चारला ती आली तेव्हा हॉलमध्ये माझी सून लीना मनवाला घेऊन बसली होती. मनवा पाच वर्षांची, इंग्रजी शाळेत. लीनानं फोनिक्स शिकवण्याचा महिन्याभराचा कोर्स केलाय. घरभर रंगीत चकत्या, प्रत्येक चकतीवर अक्षर, अक्षराचं नाव सांगायचंच नाही, आवाज सांगायचा. स. ॲ. ट. मग तिन्ही आवाज घसरगुंडीवरून खाली आणायचे आणि खाली पोचल्यावर शब्द तयार. मनवा घसरगुंडीवर बसून राहते, खाली येत नाही, आणि लीना न चिडता पुन्हा तिला वर चढवते. वीस वेळा. मी बघत बसतो. कुसळवाडीत मी कुठल्या पोराला दुसऱ्यांदा वर चढवलं होतं? मला प्रशिक्षण मिळालं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मिळालं होतं. नगरला पाच दिवस, जेवण चांगलं होतं. आवाजापासून शिकवा, आवाज जोडायला शिकवा, पाठ करून घेऊ नका, असंच तिथली बाई कानीकपाळी ओरडून सांगत होती. मी मागच्या बाकावर बसून पेपरातलं कोडं सोडवलं. लीनानं ज्ञानेश्वरीला पाणी दिलं आणि जवळ येऊन मला हळूच म्हणाली, "बाबा, नातीला शिकवताना पाच मिनिटांत आवाज चढतो तुमचा. ही कोण लागून गेली, की रोज तासभर?" मी म्हणालो, "जुनी विद्यार्थिनी." "मग हिला येत कसं नाही? तुम्ही तर आदर्श शिक्षक." ती थट्टा करत होती. भिंतीवर त्या वर्षीचा पुरस्कार लटकलेला आहे, शाल पांघरलेला माझा फोटो, शेजारी कुणी पुढारी. खुर्ची थोडी वळवून बसलो की तो दिसत नाही. मी वळवून बसलो.

पाटी घेतली. कोरी, नवीन, बाजारातून आणलेली. न. ळ. ती म्हणायची, "न." थांबायची. "ळ." पुन्हा थांबायची, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणायची, "पानी?" नळ आठवला की पाणी आठवणारच. अक्षरं तिला बरीच येत होती, कुठून कुठून गोळा केलेली, बसच्या पाट्यांवरून, बिस्किटाच्या पुड्यांवरून. फक्त एकाला दुसरं चिकटत नव्हतं. मी म्हणालो, "दोन अक्षरांच्या मधे श्वास सोडायचा नाही. पहिलं म्हणत म्हणतच दुसऱ्यावर जायचं. न्‌न्‌न‌ळ." तिनं छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, आणि न्‌न्‌न करत राहिली, करत राहिली, चेहरा लाल झाला, मग "ळ!" असा ठोसा मारला. पलीकडून मनवा खिदळली. ज्ञानेश्वरीही हसली. "गुर्जी, ह्ये तर पान्यात बुडी मारल्यावानी हाय." तिसऱ्या दिवशी जमलं. नळ. घर. रस. बस. सहाव्या दिवशी तीन अक्षरी. अकराव्या दिवशी काना. ती शब्द वाचायची आणि मग तो शब्द तिला ऐकू यायचा. आधी तोंडाला कळायचं, मग कानाला, मग ती दचकायची. "आरं, माठ!" जणू माठ पाटीतून बाहेर आला. मी बघत होतो आणि मला आनंद होत नव्हता. मला घाम फुटत होता. कारण दिवस मोजता येत होते. अकरा दिवस. तीन वर्षं ती माझ्यापुढं बसली होती, सकाळी दहा ते पाच, आणि लागले असते अकरा दिवस, धरा वीस, धरा महिना.

आणि ती काही इतरांसारखी नव्हती. हे मला आता इतक्या वर्षांनी, घरातल्या पंख्याखाली बसून कळलं, आणि कळलं तेव्हा मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. सत्तावीस पोरांत पाठ म्हणायला नकार देणारी ती एकटी होती. नकार म्हणजे तोंडानं नाही. तिचं बोट अडायचं. सगळा वर्ग तालात पुढं निघून गेलेला असायचा आणि ही तिसऱ्या शब्दावर बोट रोवून विचारायची, "गुर्जी, ह्यो कंचा?" पट्टी खाल्ली तरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ह्यो कंचा?" ती वाचायचा प्रयत्न करत होती. वाचता न येणाऱ्या त्या एकोणीस पोरांत खरोखर वाचायचा प्रयत्न करणारी ती एकच होती, आणि मी तिला मठ्ठ ठरवलं, कारण ती माझा ताल बिघडवत होती. आता लॅबमध्ये तिचं बोट अडत नाही. शेवटी शिकली.

बाराव्या-तेराव्या दिवसापासून ती बोलायला लागली. शिकताना माणूस बोलायला लागतो. फडावरची कोपी कशी असायची, उसाच्या वाळक्या पाचटाचं छप्पर, आत वाकून जायचं. पहाटे थंडीत आई-बाप फडात, ही धाकट्याला कडेवर घेऊन, मग वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं, मोळ्या बांधायच्या. कारखान्यापाशी पोरांची शाळा होती, पण कोपीपासून लांब. दोनदा गेली, कार्ड दाखवलं, तिथल्या बाईनं कार्ड वाचलं आणि गोष्टीच्या पुस्तकावाल्या मोठ्या पोरांत बसवलं. "मला काय बी कळंना. मी कुनाला सांगितलं बी न्हाई. लाज वाटली, कारडावर तर येतं म्हनून लिवल्यालं. तिसऱ्या दिशी गेलेच न्हाई." मग पुढच्या वर्षी शाळेत परत यायला तिला सवडही नव्हती आणि तोंडही. हे सांगून तिनं पाटी पुसली, फडक्यानं नव्हे, तळहातानं, जोरात. "समदा त्या बापाचा इस्कोट. आजी म्हनत हुती ठिवा तिला माझ्यापाशी. जेवान शाळंत मिळत हुतं. त्यानंच ट्रकात घातलं मला. मी चाकापाशी बसून रडले, गुर्जी, तर मला उचलून टाकलं. मुक्यागत. शब्द बोलला न्हाई." मी विचारलं, "कुठं असतो आता कारभारी?" "हाय वाडीतच. कंबर गेली, तोडीला जात न्हाई. मी बोलत न्हाई. दिवाळीत आल्ता शेंगा घेऊन. उंबऱ्याच्या आत घेतला न्हाई मी. शेंगा ठिवल्या दारात अन् गेला." ती हे रागानं बोलली नाही. ठरून गेलेल्या गोष्टीसारखं बोलली. "मेला तरी जायची न्हाई म्हनलंय मी नवऱ्याला."

इथं मी सांगायला हवं होतं. पाटी माझ्या मांडीवर होती, लीना आत, मनवा झोपलेली, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "हं. आता वेलांटी घेऊ." मी स्वतःला सांगितलं की पहिली तारीख जवळ आली आहे, तिची नोकरी टिकली पाहिजे, आत्ता सांगितलं तर ती उठून जाईल आणि शिकणं अर्ध्यावर राहील, आधी शिकू दे, मग सांगू, हे मी तिच्याचसाठी करतोय. खोटं. साफ खोटं. त्या पंधरा दिवसांत कुणीतरी मला रोज चार वाजता दारात चपला काढून 'गुर्जी' म्हणत होतं आणि मला ते सोडवत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी चार वाजले की मी दाराकडं बघायचो. आणि तिकडं वाडीत कंबर मोडलेला एक माणूस माझं पाप अंगावर घेऊन दहा वर्षं गप्प बसला होता.

काय झालं होतं ते असं. दिवाळीनंतरचा आठवडा. पडताळणीचं पथक येणार होतं आणि ते आपली कार्डं घेऊन येणार होते, न पाहिलेले उतारे, पाठ केलेलं चालणार नव्हतं. मी पोरं चाळली. ढकलत-ढकलत सगळी कशीबशी निभतील, साहेबांना चहापोहे, एखादं वाक्य मी मागून पुटपुटीन. पण ही नाही निभणार. ही तिथंच बोट रोवून साहेबाला विचारेल, ह्यो कंचा. सव्वीस आणि एक. त्या संध्याकाळी कारभारी शाळेत आला, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलेलं. म्हणाला, "गुर्जी, उद्या गाडी निघती. धाकल्याला नेतो, पर पोरगीला हितंच ठिवतो आजीपाशी. म्हातारी म्हनती संबाळती. तिचं नाव वसतिगृहात घाला. लई येड हाय तिला शाळंचं." मी खुर्चीतून उठलोही नाही. म्हणालो, "घेऊन जा तिला." तो म्हणाला, "आं?" "घेऊन जा. इथं ठेवून उपयोग नाही. तिच्या डोक्यात शिरत नाही, कारभारी. तीन वर्षं झाली. फडावर शाळा असते, तिथं बघतील." त्यानं हातातलं मुंडासं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "येळ लागत आसंल तिला. पर येईल. घरी समदं इचारत असती, ह्ये काय अन् त्ये काय." मी म्हणालो, "मी शिक्षक आहे की तू?" आणि कार्ड काढून लिहिलं. गोष्ट. कारण गैरहजर का होईना, ती माझ्या पटावर होती, आणि टक्का पटावरून काढतात. निघताना तो दारात थांबला, आणि मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "तिला सांगू नकोस हं मी असं बोललो. पोर आहे. मनाला लावून घेईल." तो म्हणाला, "न्हाई सांगनार, गुर्जी." आणि त्यानं सांगितलं नाही. दारातून हाकललं तरी सांगितलं नाही. जानेवारीत शाळेच्या फाटकावर बोर्ड लागला, निळ्यावर पांढरा: शंभर टक्के वाचणारी शाळा.

एकोणिसाव्या दिवशी मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तोंडानं सांगायची हिंमत नव्हती म्हणून पळवाट काढली. ती यायच्या आधी पाटीवर लिहून ठेवलं. जोडाक्षर एकही येणार नाही असं बेतून लिहिलं, मास्तरकी सुटत नाही. ती आली, बसली, पाटी मांडीवर घेतली. "आज तर मोठाच धडा दिसतोय." आणि श्वास घेतला. "तु… झा. तुझा. आ… बा. आबा." ती थांबली, हसली; बापाला ती आबा म्हणायची. "दुसरं कुनी न्हाई का घावलं लिवायला?" मी म्हणालो, "वाच." "तुला. शा… ळे… त. शाळेत. ठे… वा. ठेवा. असं. सां… ग… त. सांगत. हो… ता." वाक्य संपलं तरी तिला अजून ते ऐकू आलं नव्हतं, ती अक्षरं जोडण्यात गुंतली होती, कपाळावर आठी, ओठांची हालचाल, आणि मी समोर बसून बघत होतो की हा आवाज तिच्या तोंडातून निघून तिच्या कानापर्यंत कधी पोचतोय. "मी. न… को. नको. बो… ल… लो. बोललो. मी. तुला. फ… डा… व… र. फडावर." इथं तिचा आवाज बारीक झाला. शेवटचा शब्द ती मनातच जोडत राहिली. मोठ्यानं म्हणालीच नाही. मग तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, न तोडता, सलग, एका श्वासात, जसं मी शिकवलं होतं तसं. इतकं स्वच्छ वाचन माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं केलेलं नाही.

"ह्यातला मी कोन?" तिनं विचारलं. तिला कळलं होतं. तिला माझ्या तोंडून हवं होतं.

"मी. मी तुझा गुरुजी."

"का?"

"पथक येणार होतं. तुला वाचता येत नव्हतं."

"आबाला काय सांगितलं?"

"की तुझ्या डोक्यात शिरत नाही." मग उरलेलंही सांगितलं. "आणि तुला सांगू नको म्हणालो. वाईट वाटेल तुला, म्हणून."

ती उठली. पाटी तिनं आपटली नाही, पुसलीही नाही, नीट टीपॉयवर ठेवली, अक्षरं वर करून. दारात चपला घालायला तिला वेळ लागला, डाव्या-उजव्याचा घोळ झाला, मग तशाच हातात घेऊन अनवाणी जिना उतरली. लीना आतून येऊन म्हणाली, "लवकर गेली आज?" तिची नजर पाटीवर पडली. तिनं वाचलं. एका नजरेत, जसं आपल्या घरात सगळे वाचतात. माझ्याकडं न बघता ती आत गेली आणि मनवाला हाक मारून म्हणाली, चल, आपण बेडरूममध्ये बसू.

तीन दिवस ती आली नाही. पहिली तारीख होऊन गेली. लॅबमध्ये जाऊन बघावं असं वाटलं. दोनदा कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. चौथ्या दिवशी चार वाजता बेल वाजली. दारात ज्ञानेश्वरी आणि तिच्यामागं, एक हात कमरेवर, एक भिंतीला, कारभारी. दोन जिने चढून आलेला. दहा वर्षांत माणूस निम्मा झाला होता. "राम राम, गुर्जी," तो म्हणाला. "बरं हाय का? हिनं लईच घाई केली, म्हनली चला म्हंजी चला." सोफ्यावर बस म्हणालो तर तो खाली फरशीवर बसला. ज्ञानेश्वरी उभीच राहिली. "बोला," ती मला म्हणाली. "ह्यांच्याम्होरं बोला. तोंडानं."

मी बोललो. पथक, सव्वीस आणि एक, खुर्ची, कार्ड. कारभारी ऐकत होता आणि मधूनमधून अवघडल्यासारखा लेकीकडं बघत होता, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देतीस, अशा नजरेनं. माझं संपल्यावर तो घाईघाईनं म्हणाला, "जाऊ द्या वो, गुर्जी. झालं गेलं. तुमी पोरीच्या चांगल्यासाठीच सांगितलं आसंल."

"न्हाई," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आबा, गप ऱ्हावा. चांगल्यासाठी सांगितलं का? ते बी सांगा."

तो माणूस माझ्याकडं आशेनं बघत होता. तुम्ही हो म्हणा, असं त्याचे डोळे म्हणत होते. माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. दहा वर्षं त्यानं ते तोंड मिटून धरलं ते कशासाठी, तेवढं तरी त्याच्यापाशी राहावं म्हणून. हो म्हटलं असतं तर दोघांचंही भागलं असतं. "नाही," मी म्हणालो. "चांगल्यासाठी नाही. बोर्डासाठी. शाळेच्या फाटकावर एक बोर्ड लागणार होता."

"बोर्ड," कारभारी म्हणाला. फाटकावरचा बोर्ड तो रोज बघत आला असणार, त्यावर काय लिहिलंय ते न कळता. "तर मंग तवा मी म्हनलं हुतं ते… पोरीला येईल म्हनून… ते बरुबर हुतं?"

"बरोबर होतं."

लीनानं चहा आणला. त्याच्यापुढं कप ठेवला, "घ्या आबा" म्हणाली. त्यानं कपाकडं बघितलं. आमच्या भागात, तुम्हाला माहीत असेल, दुष्काळातसुद्धा कुणी कुणाच्या घरचा चहा नाकारत नाही. नाही म्हणायचं तर निदान ओठाला लावून ठेवतात. त्यानं दोन बोटांनी बशी हळूच धरली आणि फरशीवरून सरकवत माझ्याकडं परत केली. सांडू न देता. मग भिंतीला धरून उठायला लागला, ज्ञानेश्वरीनं त्याच्या काखेत हात घातला.

दारात ती वळली. "चिठ्ठ्या लावती मी आता नळ्यांवर. एक बी चुकली न्हाई. पर जोडाक्षरं अडत्यात, माझ्याच नावात हाईत तसली." माझ्या चेहऱ्याकडं न बघता, खांद्यापलीकडं कुठंतरी बघत ती हे बोलत होती, जसं दुकानदाराशी बोलतात. "उद्या चारला येती. तेवढी शिकवा."

ती पुढंही येत राहिली, सगळी जोडाक्षरं होईपर्यंत. गुर्जी मात्र म्हणाली नाही. दुसरी कुठली हाकही मारली नाही. दारात यायची, बसायची आणि पाटी पुढं करायची.